चावीवाला

तेहतीस वर्षं मी पाणी सोडलं.
मंगळवार पेठ, बेलबाग, साकोली कॉर्नर.
पहाटे चारला टी-चावी खांद्यावर,
कुठल्या गल्लीला किती आटे, आजबी विचारा.

आणि गेल्या गुरुवारी रात्री
माझंच पाणी अडलं.

न्हाणीत भिंतीला कपाळ टेकून उभा.
ओटीपोट दगड.
हौसा म्हणाली, जिऱ्याचं पाणी देऊ का?
म्हटलं, टाकी काठोकाठ, आन तू वरनं वततीस!

रिक्षातनं सीपीआर गाठेपर्यंत
प्रत्येक खड्ड्याला शिवी घातली.
त्यातले दोन आमच्याच खात्याचे.

ब्रदर मुजावर, नातवाच्या वयाचा.
"आजोबा, लांब श्वास घ्या."
गार जेली, मग नळी.
लाज होती, ती पहिल्या वितीतच संपली.
मापावरचा आकडा त्यानं मोठ्यानं वाचला: बाराशे.
मी रडलो. दुखलं म्हणून न्हवं.

सकाळी मगदूम बाईंनी
केसपेपरच्या पाठीवर नळ काढला,
नळाच्या गळ्याभोवती पेरू.
"ही गाठ वाढलीय, काका. तिनं वाट आवळलीय."
म्हटलं, बाई, व्हॉल्व्ह असा नसतो, स्पिंडल राहिला.
त्यांनी पेनच माझ्या हातात दिलं.

मी काढत होतो, त्या सांगत होत्या.
रात्रीची गोळी, आटे सैल करणारी,
पण अंथरुणातनं झटक्यात उठायचं नाही, घेरी येते.
गोळीनं नाहीच भागलं, तर दुर्बिणीनं आतनं कोरायचं.
काहीजण स्वतःच नळी घालायला शिकतात,
हात धुऊन, दिवसातनं चार वेळा.
"शिकता येतं?"
"तुमच्यापेक्षा थरथरत्या हातांनी शिकलेत."
मी म्हटलं, आधी गोळी. खोदाई शेवटी.
आमच्या खात्यानं हे कधी पाळलं नाही.

नऊ दिवस पिशवी मांडीला बांधून हिंडलो.
रंकाळ्यावर इंगवल्यानं लुंगीकडं बघितलं,
"काय रं हिंदुराव, काय बांधलंयस?"
"मीटर बसवलाय."
तो हसला न्हाई. कट्ट्यावर सरकून जागा केली.
"मलाबी हुता. दोन वर्सं झाली.
घरात सोडून कुणालाच बोललो न्हाई."
मग लई वेळ दोघं
पाण्याकडं बघत बसलो.

आज नळी काढली.
दुपारपर्यंत आपोआप झालं तर घर,
नाहीतर परत तीच नळी.

पूर्वी रात्री, गाव झोपल्यावर,
लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची,
दुसरं टोक कानाला,
डांबराखाली कुठं झिरपतंय ते कळायचं.
श्वाससुद्धा आवरून ऐकावं लागायचं.

वॉर्डाच्या संडासात नळ बारीक सोडलाय.
दाराच्या फटीखाली हौसाच्या चपला दिसतात,
एक अंगठा तुटलेला.
तिचा कान दाराला असणार.

"आलं का?"

मी बोलत नाही.
ऐक.