डोळ्याची उंची

दहावी ब. पट एकतीस, हजर सव्वीस.
फळ्यावरची माझी इमारत गेली एकोणीस वर्षं तीच आहे :
एक चौकोन, वर झेंडा,
पायथ्यापासून वीस मीटरवर एक माणूस,
त्याला तोंड नाही, नाव नाही,
घरी जायची घाई नाही.
मष्णू कुंभार मागच्या बाकावरून म्हणाला,
"बाई, ह्यो माणूस कवापासनं वर बघूलालाय?"

मी खडू ठेवला.

कोनमापक, संपलेल्या पेनाची नळी,
दोरा, दोऱ्याच्या टोकाला सायकलचा नट.
डिंक वाळेपर्यंत कुणालाच धीर नव्हता.
सहा यंत्रं घेऊन आम्ही मागच्या दाराने निघालो,
खानापूरच्या बंद कौल-कारखान्याच्या चिमणीकडे.
तिच्यातून धूर निघताना
या वर्गातल्या एकानेही पाहिलेला नाही.
आमच्या डोक्यावरची कौलं मात्र तिच्याच भट्टीतली.

आधी अंदाज.
"तीन माड." "दोन माड आणि एक माणूस."
"आमच्या देवळाच्या कळसावर आणखी एक देऊळ."
मग मापं : चोवीस मीटर, एकतीस, अडतीस.
अडतीसवाल्यांचा नट वाऱ्यात डोलत होता,
तरी ते भांडायला तयार.

"टॅनचा तक्ता नको," मी म्हटलं, "मागे सरा.
दोरा पंचेचाळीसवर येईल तिथे थांबा.
तिथे जेवढं लांब, तेवढं उंच."
ते मागे सरले. नळीला डोळा लावून
उलट्या पावलांनी, एकमेकांच्या चपला तुडवत,
बाभळ ओलांडून, नळकोंडाळं ओलांडून,
भिंतीला पाठ टेकेपर्यंत.
दोरा अजून पन्नासवर.

पंचेचाळीस अंश कन्नड शाळेच्या आवारात पडले होते.

भिंतीला खिंडार होतंच, चेंडूंनी पाडलेलं.
सव्वीस पोरं त्यातून पलीकडे.
हिरेमठ सर वर्गातून बाहेर आले,
आणि मला नेमका शब्द सापडेना.
मी म्हटलं, "त्रिकोणमिती."
ते म्हणाले, "त्रिकोनमिति?"
एका ण चा फरक.
आत जाऊन त्यांनी लांब उडीची टेप आणली,
पूर्ण तीस मीटरची. आमची पंधराची होती.

"खरं बाई," सातेरी गुरव म्हणाली,
पहिल्या बाकावरची, वर्गात सगळ्यात बुटकी,
"डोळ्याची उंची मिळवायची ऱ्हायली की."
आणि मी काही बोलायच्या आत
तांबड्या मातीत सरळ आडवी झाली.
"आता शून्य."
त्यांच्या शाळेची एक मुलगी
शेजारी गुडघे टेकून बसली, दोरा वाचला :
"नलवत्तैदु."
"पंचेचाळीस," सातेरी जमिनीवरून म्हणाली.
नट अगदी स्थिर होता.

टेप चिमणीच्या भिंतीपर्यंत : एकोणतीस मीटर.
"खरं चिमणीच्या पोटातलं?"
हे मला सुचायला हवं होतं. मष्णूला सुचलं.
मग हातात हात धरून चिमणीला कवळा,
सात जणांत मावेना, आठवी त्यांची मुलगी आली.
विहिरीचा दोर गुंडाळला : नऊ मीटर बेचाळीस.
भागिले दोन पाय. दीड.
दोन्ही शाळांनी एकाच वेळी आकडा ओरडला,
काय ओरडले ते कुणालाच नीट कळलं नाही.

साडेतीस.
वॉचमन बसलिंगप्पा इतका वेळ विडी धरून बघत होता.
"नूरु अडी," तो म्हणाला.
शंभर फूट. त्याचा बाप तिच्या बांधकामावर विटा वाहायचा.
"मला विचारलं असतं तर..."

दुसऱ्या दिवशी सातेरीने चिठ्ठी आणली,
तिच्या आईच्या अक्षरात :
बाई, ड्रेसचा तांबडा डाग निघत नाही.
गणित वहीत शिकवा.
मी सही केली,
चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली,
आणि फळ्यावरच्या त्या माणसाला
आधी डोळे काढले.