एकोणीस अंश

तेल जळत नाही.
प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या पोराला
मी हे पहिल्याच दिवशी सांगते,
आणि तो असा बघतो, जणू मी म्हणाले
बॉनीच्या खाडीत पाणी नाही.

जळते ती वाफ.
तेलातून जे उठून निघालेलं असतं
पण दूर गेलेलं नसतं,
उंबऱ्याशी घुटमळत हवेत मिसळतं,
फार नाही, अगदी थोडंही नाही,
तिलाच ज्योत विचारते : येतेस?

पितळी वाटी. वर घट्ट झाकण.
झाकणाला एक सरकती खिडकी, नखाएवढी.
खालून पाणी तापतं, सावकाश,
आणि दर अर्ध्या अंशाला
खिडकी उघडून मसुराएवढी ज्योत आत डोकावते.
नाही.
नाही.
नाही.
मग एकदा निळी लहर धावते वाटीभर
आणि आपली आपण विझते.
तो आकडा लिहायचा. तोच फ्लॅश पॉइंट.
पोरं विचारतात, विझलं ना, मग भ्यायचं कशाला?
अरे, विझलं म्हणूनच.
जळत राहिलं असतं तर तो वरचा आकडा, काही अंश पुढचा.
हा नुसता होकार आहे,
तेलाने हळूच दिलेला.

चांगलं रॉकेल पंचेचाळीसच्या आसपास हो म्हणतं.
पेट्रोल तर बर्फातही हो म्हणूनच बसलेलं असतं.

गुरुवारी दातेमे मावशी आली,
जिनच्या जुन्या बाटलीत रॉकेल घेऊन.
"इबिनाबो, बघ गं, वास जरा निराळा येतोय."
नवा नावाडी होता, म्हणाली. कॅनमागे तीनशे नायरा कमी घेतले.
मी बाटली उजेडात धरली.
स्वच्छ. मावशीच्या रविवारच्या झग्यासारखं स्वच्छ.

खालच्या मासळीवालीकडून बर्फ मागून आणला,
वाटी आधी गार केली, मग सुरुवात.
एकोणीसला निळं धावलं.
भिंतीवरचा पारा एकतिसावर होता.

म्हणजे ही बाटली
मावशीच्या पिशवीत, बसमध्ये तिच्या मांडीवर,
सिगारेट ओढणाऱ्या त्या कंडक्टरशेजारी,
माझ्या टेबलावर, माझ्या कोपराला लागून,
सगळा वेळ तयारच होती.
तिला तापवायची गरज नव्हती.
फक्त कुणीतरी विचारायचं राहिलं होतं.

"किती विकलंस?"
"अकरा."
मावशीकडे वही नाही. ती बोटांवर आठवू लागली :
शिंपी न्वाबुएझेला एक,
इबिसिकीच्या सुनेला दोन (एकीचे पैसे अजून यायचेत),
चर्चच्या रखवालदाराला, भजी तळणाऱ्या बाईला,
भजी तळणाऱ्या बाईला, ती पुन्हा म्हणाली
आणि चपला शोधू लागली.

आधी तिच्याकडेच धावलो.
चूल पेटायची होती. देव म्हणा, आळस म्हणा.
मग शिंपी, मग रखवालदार; त्याने हुज्जत घातली,
मी बाटली हातातून ओढली, तो शिव्या देत राहिला.
इबिसिकीच्या सुनेने पैसे आधी मागितले,
जे तिने दिलेच नव्हते तेही.
साडेसहापर्यंत दहा बाटल्या, दोन पिशव्यांत,
डोक्यावर नाही, हातात,
पाळण्यातलं मूल न्यावं तशा.

अकरावी एका पोराला दिलेली.
नाव विचारलं नव्हतं.
हिरवा शाळेचा शर्ट, मधलं बटण वेगळ्या रंगाचं,
म्हणाला होता, उद्या परीक्षा आहे.

कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर
अचानक थांबली.
गल्लीत तो परिचित उसासा उठला,
आणि घराघरांत हात काडेपेटी चाचपू लागले.

मावशी डाव्या बाजूने, मी उजव्या.
दार वाजवायचं. आत डोकवायचं.
हिरवा शर्ट?
नाही.
पुढचं दार.
नाही.
नाही.