माळ्यावरचा पंखा

चैत्र सरत आला की आमच्या लेंगऱ्याच्या घरात
दुपारी दोनला कुणी मोठ्यानं बोलत नाही.
वर पत्रा. पत्र्याखाली फळ्यांचा माळा.
माळ्यावर कांदे, रिकामी पोती, लेकीच्या सायकलचं जुनं चाक,
आणि सगळ्यावर बसलेली ऊब,
खुडूक कोंबडीसारखी,
स्वतः हलत नाही, कुणाला हात लावू देत नाही.
खाली मी मशीनवर.
गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर घाम सांडू नये
म्हणून मनगटाला रुमाल बांधून शिवते.

छताचा पंखा आहे की.
तो वरची आग खाली आणून वाढतो,
पंगतीतल्या हट्टी वाढप्यासारखा,
ताटावर हात आडवा धरला तरी.

हे एकतीस वर्षं सेलमला होते, गलाईला.
सोनं एक हजार चौसष्टला वितळतं
हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.
लेकीची जन्मतारीख मात्र आठवावी लागते.
दर महिन्याच्या सात तारखेला पैसे यायचे.
परत आले ते दोन ट्रंका, एक खोकला
आणि भुवयांच्या जागी नुसती कातडी घेऊन.

पहिल्याच उन्हाळ्यात माळ्यावर चढले,
खाली आले, म्हणाले, चोपन्न.
मी म्हटलं, काय चोपन्न?
डिग्री, म्हणाले. आणि तिला बाहेर जायला दार नाही.
भट्टीला धुराडं असतं. तुझ्या घराला का नाही?

तुझ्या, म्हणाले.
मी दोरा तोडला आणि दुसरी बाही घेतली.

मग विट्याच्या भंगारातून
एका मेलेल्या ओम्नीच्या रेडिएटरचा पंखा आला.
शौकतभाईंनी वाइंडिंग बघून दिलं, चहावर.
कुणाचा तरी शेतपंप बदलला, त्यातलं
शंभर वॅटचं पॅनेल आलं, कोपऱ्यात तडा गेलेलं.
आढ्याखालच्या तिकोनी भिंतीला गोल भोक पडलं,
समोरच्या भिंतीला खाली एक जाळी,
आणि चार दिवस माझ्या कापडांवर सिमेंटचा धुरळा.
कौसाबाई उंबऱ्यातनं बघून गेली:
"पंखा लावून वारं भाईर घालवायलाय?
येडं झालंय का गं तुझं माणूस?"

सुरू झाला त्या दिवशी
आम्ही सगळे खाली उभे, तोंडं वर करून.
वारा कुणालाच लागला नाही.
फळ्यांवरनं नुसती घरघर,
लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी.
लेक म्हणाली, बाबा, हा पंखा नक्की कुणासाठी?
हे शिडी उचलून मागच्या दारी गेले.

सांजेला बघते तर
रुमाल मशीनच्या पायाशी पडलेला.
कधी सोडला, कळलं नाही.

याला बटण नाही. बॅटरी नाही.
ऊन चढलं की हा चढतो,
ढग आडवा आला की दमतो,
जेवढा जाच, तेवढाच जोर.
रात्री गप. रात्री भिंती
दिवसभराचं ऊन सावकाश सोडत बसतात,
त्याला इलाज नाही,
आम्ही अजून अंगणातच झोपतो.
मध्यंतरी पारव्यानं पात्यांत काड्या घातल्या.
यांनी त्या काढल्या आणि
तशाच्या तशा नेऊन गोठ्याच्या वळचणीला ठेवल्या.
पारवा काही तिकडं गेला नाही.

काल वैशाखातलं खरं ऊन होतं.
लाइट सकाळीच गेलेली.
हे माळ्यावर कांद्यांत मांडी घालून बसलेले,
हातात थर्मामीटर, पंख्याकडं बघत,
जसं भट्टीकडं बघत असतील.
वरनं ओरडले, एक्केचाळीस!
मी म्हटलं, आणि बाहेर?
जरा वेळ घरघर तेवढी.
मग म्हणाले, बाहेर चाळीस.
म्हटलं, म्हणजे एवढा खटाटोप करून
घर बाहेरच्याएवढंच तापतं?

"हां," म्हणाले. "बाहेरच्याएवढंच.
पदरची भर घालत नाही आता."

खाली येऊ नका एवढ्यात, मी म्हटलं,
आणि तसंच वर दोन कांदे चाचपून बघा,
मऊ पडलेत का ते.