पाव वळसा

दर दुसऱ्या मंगळवारी मर्गित माझ्या छातीवर लोहचुंबक फिरवते.
दोऱ्याला टांगलेला, कोटाच्या बटणाएवढा.
तो डुलतो, अडखळतो, मग एका जागी नाक खुपसतो.
तिथे, कातडीखाली, झडप आहे.
ती शाईने फुली मारते, सुई घालते,
साठ मिलिलिटर मिठाचं पाणी आत सोडते.
सुई मला कळत नाही. तिथलं सगळं मुकं झालंय.
पाणी मात्र कळतं.

माझ्याही पेटीत असाच एक चुंबक आहे,
पियानोच्या पोटात पडलेल्या टाचण्या शोधायला.
एका शाळेत एकदा दुधाचा दात निघाला होता.
तो चुंबकाला सापडला नव्हता, बोटांना सापडला.

एकतीस वर्षं मी तार्तूत पियानो जुळवते.
पडून राहिलेल्या वाद्याला एकदम वर खेचायचं नसतं.
खुंटी पाव वळसा, त्याहूनही कमी,
मग थांबायचं. लाकडाला कळू द्यायचं.
पंधरा दिवसांनी परत यायचं.
लोकांना पटत नाही, त्यांना नाताळाच्या आत हवं असतं.
मी म्हणायचे, तुटेपर्यंत ताणू नये,
आणि त्यांची कॉफी पिऊन निघायचे.
किती सोपं होतं, तार दुसऱ्याची असताना.

मंगळवारची रात्र खुर्चीतच.
आडवी झाले की कोणीतरी छातीवर कपाट सरकवतं.
गुरुवारी त्याचं टेबल होतं.
शनिवारी नुसतं स्टूल.
रविवारी मी विसरते, आणि शिंकते.

गोळी साडेदहाला. दुसरी अडीचला, बिस्किटाबरोबर.
गरम पाण्याची पिशवी पुढून लावायची नाही,
मुक्या कातडीला भाजलेलं कळत नाही,
हे मर्गित दोनदा म्हणाली.
म्हणून पिशवी पाठीला, दोन खांद्यांच्या मधे,
तिथे छातीचंच दुखणं मागच्या दाराने येऊन बसतं.

किटली अर्धीच भरते.
कप वरच्या फळीवरून मी आधीच खाली आणले होते,
ऑपरेशनच्या आदल्या रात्री, कोणाला न सांगता.
गाडीच्या पट्ट्याखाली धरायला एक उशी आहे,
खालच्या मजल्यावरच्या लेम्बितने शिवलेली.
तो पूर्वी शिडं शिवायचा.
उशी विटकरीसारखी कडक,
पण टाका असा की वादळातही उसवणार नाही.

माझी लीस आता मागून मिठी मारते.
पहिल्यांदा हात कुठे ठेवावेत तिला कळेना,
मलाही कळेना.
अरुंद जिन्यात पियानो वळवताना माणसं थबकतात,
तशा आम्ही थबकलो, आणि हसलो, आणि हसणं दुखलं.

उर्वेने यातलं काहीच करून घेतलं नाही.
तिची एक बाजू सपाट. ती पोहायला जाते, ओल्या केसांनी येते,
माझ्या खुर्चीपाशी सफरचंद सोलत बसते.
एवढं कशाला, असं ती विचारत नाही.
विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?
माझ्याकडे उत्तर आहे, पण ते
दर मंगळवारी थोडं उतरतं, दर रविवारी परत चढतं.

आज पाचवी खेप होती.
नदीवरचा बर्फ काठापासून सुटायला लागलाय,
पुलावर मी दोनदा थांबले, श्वासासाठी म्हणून.
मर्गितने नळी भरली.
मी म्हणाले, आज तीसच.
ती कारण विचारेल म्हणून मी तीन कारणं घोकून आले होते.
तिने निम्मं पाणी बाजूला केलं, एवढंच.
"आकडा तुमचा," म्हणाली.
"पाव वळसा," मी म्हणाले.
"काय?"
"काही नाही."

घरी येऊन एक पट्टी दाबली, मधल्या सप्तकातली.
केसभर उतरलीय.
तीन महिने घरचा पियानो लावलेला नाही,
चावी पिळायला खांदा लागतो.
विरेपर्यंत ऐकत उभी राहिले.

मग रात्री कपाट आलंच, वेळेवर.
पण आज कोणीतरी
त्याचे खण काढून ठेवले होते.