सत्तरच्या पुढं काटा जात नाही

उद्यमनगरात बोअर करून देताना
दस्तगीर शिकलगार म्हणाला होता,
"पिस्टन नवा आहे. हजार किलोमीटर होईतोवर
चाळीसच्या वर न्यायची नाही."
आठशे बावन्न झालेत.
आणि साडेदहाला कागलच्या पुढं पोचायचंय.

शाहू नाक्यावर पेट्रोल.
लिटरला चाळीस मिली ऑइल,
खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून.
मग हँडल धरून गाडी डोलवायची,
टाकीत डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत.
पंपावरचा पोरगा विचारतो, "काका, ही कुठली म्हणायची?"
"राजदूत."
"नवीन आलीय?"

उचगावच्या पुलाखालनं हायवेला लागलं
की कळतं आपण केवढेसे आहोत.
पहिला. दुसरा. तिसरा.
चौथा गिअर नाहीच हिला,
तरी पाय दर वेळी शोधतो,
अंधारात जिना संपल्यावर
आणखी एक पायरी शोधावी तसा.

पन्नासला आरशात एका ट्रकचे तीन ट्रक.
साठला मडगार्ड बोलायला लागतं.
पासष्टला दातांत मुंग्या,
आणि सत्तरला
सगळे खडखडाट एकमेकांत विरघळून
एकच बारीक, ताणलेला सूर.
तो लागला की मी टाकीवर छाती टेकवतो.
चोपन्न वय, कमरेला पट्टा,
आणि शर्टाचा फुगा पाठीवर.

बेंगळूरची बस जाते.
आधी आत ओढते, मग बाहेर ढकलते,
मधल्या क्षणी काहीच करत नाही,
तो क्षण सगळ्यात वाईट.

गोकुळ शिरगाव. फाउंड्रीची जळकी वाळू नाकात.
डावी दोन बोटं क्लचवर, सतत.
टू-स्ट्रोक धरते तेव्हा सांगून धरत नाही.
एक सेकंद देते,
तेवढ्यात बोटांना कळलं पाहिजे,
डोक्याला नंतर कळलं तरी चालतं.

घोसरवाडेचं नवं हॉटेल आहे.
काउंटरच्या मागच्या भिंतीवर
आठ फुटांवर टांगणार आहे हिला,
वर पिवळा दिवा.
फोनवर म्हणाला, "इंजिन काढून ठेवा हवं तर,
वजन तेवढंच कमी."
टेम्पोनं पाठवा, असंही म्हणाला होता.

लक्ष्मी टेकडीच्या चढाला पुढं उसाची ट्रॉली,
शेवटची कांडी रस्त्यावर घासत चाललेली.
सुराचं टोक जरा बोथट झालं.
बोटं मिटली.

मग नुसता वारा.
इंजिनाशिवाय आपण किती वेळ पुढं जात राहतो!
मैलाच्या दगडापर्यंत.

सिलिंडर टिकटिकत गार होतोय.
हात लावला, पोळला, परत लावला.
स्कुटीवरनं दोन किटल्या घेऊन एक बाई थांबली.
"धरली काय?"
"धरली."
"आमच्या आप्पांचीबी धरायची. वीस मिनिटं शिवू नका."
घड्याळात बघून सांगितल्यासारखं सांगून गेली.

मी एकवीस मोजली.
प्लग पुसला. किक मोकळी फिरली,
आत खरवडल्याचा आवाज नाही.
सातव्या किकला निळा धूर,
आणि ती जुनी ढणढण,
जणू मधे काही झालंच नाही.

आता चाळीसनं जायचं, मी ठरवलं.
खरंच ठरवलं होतं.
पण उतार लागला, साखर कारखान्याचा
मळीचा गोडसर वास अंगावर आला
आणि मनगट आपोआप वळलं.

घोसरवाडे दारात टेप घेऊन उभा.
हँडलची रुंदी घेतली, चाकांमधलं अंतर घेतलं.
"चालवत आणली? अजून चालते होय?"
भिंतीत चार बोल्ट आधीच बसवलेले.
चहा आला.
कप उचलला तर बशी वाजायला लागली.
"थंडी भरली काय हो?"
मी कप दोन्ही हातांनी धरला.
हात अजून सत्तरवर होते.