मेणाची वडी

विट्याहून मिरजेची गाडी. खिडकीपाशी बसले.
कमरेच्या चोरखिशात वडी,
नखाएवढी, मेणाची.
आत ह्यांचा तुकडा.

चोरखिसा जुनाच.
सेलमहून गावी येताना
तीस वर्षं ह्यातूनच आणलं गाळलेलं सोनं,
दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा न लावता.
सवयीनं हात आताही तिथंच.
तासगाव गेलं तरी काढला नाही.
शेजारची म्हणाली, पोटात दुखतंय का?
हो म्हटलं.

पहिला रिपोर्ट होता साधा.
गाठ खरवडून झालीये, आता मूत्राशयात
आठवड्याला एकदा औषध सोडू, सहा वेळा,
क्षयाच्या लसीचं. दोन तास धरून ठेवायचं.
हे म्हणाले, धरू की.
भट्टीपुढं उठायला कोण देत होतं?
पण लघवीचा रंग
काही केल्या चहावरून पाण्यावर येईना.

तिसऱ्या दिवशी मुजावर मॅडमनी बोलावलं.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप,
त्याला जांभळा-गुलाबी रंग,
आणि मला म्हणाल्या, बघा, घाबरू नका.
मी एक डोळा मिटला.
घरटी दिसली. बारकी बारकी, गोल,
आत पेशी शहाण्या पोरींसारख्या बसलेल्या.

"चेहरा साधाय ना? तीच खोड.
म्हणून पहिल्यांदा फसवलं.
आता चेहरा सोडा, जागा बघा.
हे मांस आहे, पिशवीच्या भिंतीतलं.
इथं घरट्यांचं काय काम?"

मला सेलमची ती बांगडी आठवली.
कसोटीवर रेघ पिवळीधमक,
छिन्नी घातली तर आत तांबं.
मॅडमना बोलले नाही.
रात्री ह्यांना सांगितलं.
बराच वेळ पंख्याकडं बघत होते.
मग म्हणाले,
आम्ही पण त्या दिवशी रेघेवरच गेलो होतो.

ऐनापुरे डॉक्टर सरळ बोलणारे.
ह्या जातीला लस पुरत नाही.
थांबलो तर हातचं जाईल.
मूत्राशय काढू, आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन
पोटावर तोंड करू, वर पिशवी.

पुतण्यानं विचारलं, आधी केमो?
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"लहान पेशींची एक जात असते, तिच्यात आधी केमोच, वाद नाही.
इथं वाद आहे.
असले पेशंटच कमी.
कुणी तीस गोळा केले, कुणी पन्नास,
तेवढ्यावर छातीठोक सांगू कसं?
मला विचाराल तर आधी कापू."

खोलीत कुणी बोललं नाही.
बाहेर कॅन्टीनवाल्याची बशी फुटली.
हे उठले, सदऱ्याची बटणं लावली,
म्हणाले, वजन माहीत नाही म्हणून सांगणारा सराफ
आयुष्यात दोनदा भेटला.
कुठं सही करू?

सात तास.
मी जिन्यात बसून मोजलं ते काय,
पायऱ्या. बावीस.

आता रात्री पिशवी मीच रिकामी करते.
हे चष्मा लावून रेघा बघतात,
साडेतीनशे, चारशे वीस,
वहीत लिहितात,
मिलीचा फरक पडला तर परत मोजायला लावतात.
मिलिग्रॅमवर भांडलेला माणूस.

परवा एकदम विचारलं,
काढलं त्याच्या कडा तपासल्या का?
तपासल्या, म्हटलं. कडा कोऱ्या आहेत. दोन गाठींत मात्र आहे.
आणि झाडलोट?
कसली?
दुकानाची माती आपण कधी टाकली का?
झारेकऱ्याला विकायचो. धुऊन धुऊन
तो त्यातनं पण काढायचा कण.

म्हणून पुढच्या सोमवारपासून केमो.
ऐनापुरे म्हणतात, फायदा होईल, किती ते बघू.
हे म्हणतात, मातीच धुवायचीय.

वडी मिरजेलाच आहे, मुजावर मॅडमच्या कपाटात.
परत हवी का विचारलं होतं.
मी ठेवा म्हटलं.
येताना गाडीत
हात खिशावर गेला,
आणि खिसा रिकामा होता,
तरी तासगावपर्यंत तिथंच राहिला.