बटाटे माडीवर

बाबांची मासळी धुरवायची भट्टी विकली. सहा हजार तीनशे युरो.
विटांसकट नेली एका हॉटेलवाल्याने, शोभेसाठी.
पैसे खात्यात आले
तेव्हा त्यांना बांगड्याचा वास येत नव्हता,
याचंच मला नवल.

इस्पितळाच्या धुलाईघरात माझ्या शेजारी इस्त्रीवर असते योर्दिस.
म्हणाली, नुसते पडून कुजतील. अ‍ॅप घे.
समोर माणूस नाही, लाजायला नको,
दहा मिनिटांत होतं.
आज अकरावा दिवस.

आधी विचारलं वय. मग ध्येय.
खाली चित्रं: घर, नौका, पदवीची टोपी,
छत्रीखाली हसणारं म्हातारं जोडपं.
मी छत्रीवर बोट ठेवलं,
ब्रेमरहाफेनात तेव्हा भुरभुर चालू होती म्हणून.

मग उघडली यादी. चौदा टोपल्या.
संयमी. जरा कमी संयमी. संतुलित.
संतुलित हरित. हरित, पण थोडं तेल चालेल अशी.
प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह,
त्यावर टिचकी मारली की बारा पानं,
बाराव्या पानावर लिहिलेलं: तुलना करून पाहा.
केली तुलना. दोन रेघा वर चढत गेल्या,
एक निळी, एक किंचित कमी निळी,
जुळ्या बहिणी जणू,
कोणती कोण ते त्यांच्या आईलाच ठाऊक.

बाबा दोनच विकायचे, वाम आणि बांगडा.
एका उन्हाळ्यात योखेनकाकाचं ऐकून नऊ प्रकार केले:
मिरीतला, शेपूतला, बीचच्या धुरातला, आल्डरच्या धुरातला...
फळा मी लिहिला, खडूने, वळणदार.
त्या शनिवारी रांग फळ्यापाशी येऊन थबकली,
मान वाकडी करून, ओठ हलवत वाचत राहिली,
आणि समोरच्या गाडीवर सॉसेज खाऊन घरी गेली.
बाबांनी ओल्या फडक्याने सात ओळी पुसल्या.
रागावले नाहीत. फडकं पिळलं फक्त.

इथे फडकं कुठे ठेवलंय?

सातव्या दिवशी अडकले ते या प्रश्नावर:
बाजार महिन्याभरात वीस टक्के कोसळला तर तुम्ही
सगळं विकाल, थोडं विकाल,
थांबाल, की आणखी घ्याल?

आमच्याकडे कोसळत नाही काही. चढतं.
मी सहा वर्षांची. वेझर बंधाऱ्याच्या ओठाला लागलेली,
रेडिओ बोलतोय, आई रेडिओला गप्प कर म्हणतेय,
आणि बाबा तळघरातून
बटाट्यांची पोती माडीवर नेतायत.
एकेक. मध्येच पायरीवर टेकले,
एक बटाटा अंगठ्याने चोळून पाहिला, कोंब आलाय का.
पाणी आलंच नाही त्या रात्री.
बटाटे मात्र महिनाभर माझ्या खाटेशी होते,
अंधारात मातीचा वास सोडत.

चारही पर्याय मी पुन्हा वाचले.
बटाटे माडीवर नेणे
हा त्यांत नाही.

आज पहाटे पाळी सुटल्यावर थांब्यावर
फोन थरथरला. "विबके, तू अजून ठरवलं नाहीस!"
ओळख ना पाळख, थेट एकेरीवर.
वाऱ्याने डोळ्यांत पाणी, चौदाच्या अठ्ठावीस झालेल्या.
वळणावर पाचशे आठचे दिवे दिसले.
हातमोजा दातांत धरला
आणि सहावीवर बोट दाबलं.
महिना पन्नास युरो.
सहावीच का?
बस आली म्हणून.

पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उडाले:
"अभिनंदन! हा तुझा विचारपूर्वक निर्णय आहे."
ड्रायव्हरने विचारलं, कुठपर्यंत?
शेवटपर्यंत, म्हटलं.
अकरा दिवसांत एवढंच काय ते पटकन सांगता आलं.

उरलेल्या पैशांचं घरी गेल्यावर बघू.
माझं घर तळमजल्यावर आहे.